प्रेमाला सोळा मार्क

सोसायटीच्या गोदामाच्या ओट्यावर एकच सौर दिवा,
त्याच्याखाली आम्ही पाच जण, आणि तुरीच्या पोत्यांचा वास.
सोमवारी पेपर. बी.ए. फायनल, इंग्रजी वाङ्मय,
युनिट तीन : प्रेम.

काकडे सर तासिकेवर आहेत.
दिवाळीपासूनचे तास अजून मिळाले नाहीत त्यांना.
शेवटच्या दिवशी गाडीला किक मारता मारता म्हणाले,
"प्रेमाले सोळा मार्क आहेत पोट्टेहो, सोडू नका.
मृत्यू सोडला तरी चालते, तो ऑप्शनले आहे."

पायल उईके पाठ करते डोळे मिटून,
पाढे म्हणावेत तशी, डोलत :
तिचं मन बर्फाचं, तिचे हात बर्फाचे.
"बर्फ पाह्यला का कोणी?" गौरव विचारतो,
आणि सगळ्यांना एकदमच आठवतो
घाटंजीच्या बाजारातला, भुशात झाकलेला,
मासोळीवालीच्या टोपल्याखालचा.
त्याच बर्फावर आम्ही उत्तर लिहिणार आहोत.

मग एक शब्द अडतो.
डिक्शनरीत अर्थ दिलाय, एकतर्फी.
हा तर आम्हाला पेपरच्या पाच नंबरच्या पानावर भेटतो.
एकतर्फी प्रेमातून. पुढे बाटली, नाहीतर विळा,
आणि मुलीचा फोटो, डोळ्यांवर काळी पट्टी.
मागच्या वर्षी अशाच एका बातमीनंतर
कॉलेज आठ दिवस बंद होतं माझं.
म्हणजे कॉलेज चालू होतं, मी बंद होते.
इंग्रजीत तोच शब्द केवढा मवाळ आहे,
माणूस नुसता खिडकीशी बसून झुरतो त्यात.
पायल काही बोलत नाही. आम्ही पान उलटतो.

नोट्स शीलवंत मेश्रामच्या.
अक्षर तिफणीनं पेरल्यासारखं सरळ.
वर इंग्रजी, खाली देवनागरीत उच्चार,
काही चुकीचे, पण ठाम.
सगळ्यांनी झेरॉक्स काढली. माझी पाळी आली
तेव्हा मशीनची शाई संपली,
म्हणून मूळ वही माझ्याकडे राहिली.

शीलवंत पोलीस भरतीची तयारी करतो.
पहाटे मोहाखाली टोपली घेऊन मी वाकलेली असते,
तेव्हा तो पांदणीनं जातो, सोळाशे मीटर,
आकडे पुटपुटत, नाकानं श्वास घेत, तोंडानं सोडत.

मला इंग्रजीची लांब वाक्यं पुरत नाहीत.
तोंडी परीक्षेत अर्ध्यातच दम लागला, वर्ग हसला.
तो हसला का, ते पाहायचं राहून गेलं.
आता सतराव्या पानावर,
सर्वांत लांब वाक्याच्या ऐन मध्ये
पेन्सिलची बारीक रेघ, आणि वर,
इथं श्वास घे.
एकोणिसाव्या पानावर पुन्हा.

पायलची प्रत मागून पाहिली. तिच्यात नाही.
गौरवच्या नाही.
झेरॉक्समध्ये एवढी फिकट पेन्सिल उमटत नाही.

स्वतःसाठी लिहिलं असेल. पळणाऱ्याची सवय.
घे, म्हणजे तू घे, की आपलं आपल्यालाच?
स्वतःशी बोलतानाही माणूस घेच म्हणतो.
मराठीचं व्याकरण इथं काही मदत करत नाही,
आणि इंग्रजीचा तर पेपरच आहे.

"झालं का पाठ सोळा मार्काचं?"
तो विचारतो, वर न पाहता, पिंढरीवरचा डास मारत.
"झालं. एका जागी अडते."
"कुठं?"

तेवढ्यात बारा वाजतात, थ्री फेज येते,
शिवारभरच्या मोटारी एकदम हुंकारतात.
गौरव उठतो, भुईमुगाला पाणी लावायचंय त्याला,
झेरॉक्सची गुंडाळी बगलेत, प्रेम अर्धं पाठ.
मी काय म्हणाले ते मोटारींच्या आवाजात
मलाही नीट ऐकू आलं नाही.

सोमवारी त्या वाक्यात, त्या जागी
मी स्वल्पविराम देणार आहे.
तिथं तो बसत नाही, माहीत आहे.
अर्धा मार्क जाईल.
जाऊ दे.