वीतभर

ऊनाच्या यादीत एकच शिखर उरलं होतं,
अकरा वर्षं.
दोनदा धुक्यानं परतवलं, एकदा गुडघ्यानं,
एकदा किनलॉखलेव्हनची बसच आली नाही.

परवा मोजणीवाले वर गेले,
यंत्र मांडून दोन तास कुडकुडत बसले,
आणि खाली येऊन म्हणाले :
तीन हजार फुटांना वीतभर कमी.
यादीतून नाव काढलं.

मीच फोन केला. म्हटलं, "जिंकलीस!
घरबसल्या पुरी झाली यादी."
पलीकडे किटलीची शिट्टी,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग नकाशा उलगडल्याची करकर –
तोच तो, घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेला,
एकाच जागी ज्याच्या उंचीच्या रेषा
तिच्या बोटानं पुसत आणल्यात.

"बिचारं," ती म्हणाली,
"आता त्याच्याकडे कोण फिरकणार?"

आणि लगेच, नेहमीच्या चिडक्या सुरात :
"लॅक्लन, शनिवारी वारा किती सांगितलाय?
ओढ्यावरचा तो पूल आहे ना अजून?
सहाला निघू. सँडविच तू आण.
गेल्या खेपेला चीज विसरला होतास."