भट्टीपासून सहा पावलं

डाव्या खांद्याखाली, हाडाच्या जरा खाली
मला बसवलाय एक धातू.
वजन अडीच तोळे, मगदूम डॉक्टर म्हणाले,
मिरजेत, टाके काढताना, मला हसवायला.
मी विचारलं, किती टच?
म्हणाले, हा कसाला लागत नाही.

चाळीस वर्षं सोनं वितळवलं मी.
विट्याच्या पुढं आमचं गाव,
मिसरूड फुटायच्या आत पोरगं गाडीत बसतं
आणि दक्षिणेतल्या कुठल्यातरी गल्लीत
मुशीसमोर उतरतं.
मी कोईमतूरला उतरलो.
तेजाबानं बोटं पिवळी झाली,
दुकानाचा केर जाळून गुंजभर काढलं,
पण अंगात धातू पहिल्यांदाच.

शालननं नियम लिहून घेतले
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर.
फोन उजव्या कानाला.
डावा खिसा रिकामा.
दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही,
म्हणजे फडताळातला डबाही तिनंच काढायचा
आणि मी बघायचं.
मिरज स्टेशनला जाताना जीपचा पट्टा
नेमका तिथंच घासायला लागला;
तिनं पंचाची घडी मध्ये सरकवली,
चिमट्याला चिंधी गुंडाळावी तशी.
'चौकटीतून सरळ जावा, रेंगाळू नका.'
एवढं सांगितलं आणि स्वतः मात्र
गाडी हलेपर्यंत खिडकीशी रेंगाळली.

गल्लीच्या तोंडाशी नवा वॉचमन, हातात काळी पट्टी.
ती छातीकडं आली तसा मी हात आडवा धरला.
कार्ड काढलं. हणमंत दादू साळुंखे,
पुढचं सगळं इंग्रजी,
त्याला येईना, मलाही येईना.
मग सापडला एक शब्द: इदयम.
कधी लागलाच नव्हता.
धंद्यात तंगम लागतं, विलै लागते,
हृदय कोण मागतो?
त्यानं पट्टी खाली घेतली
आणि हातानंच चाचपलं, हळू,
झोपलेल्या पोराचा ताप बघावा तसं.

दुकानात आता कोळसा नाही.
विजेच्या वेटोळ्याची भट्टी, मीच हौसेनं घेतलेली.
तिला जाळ नाही, धूर नाही,
नुसतं घुमणं, आणि आत सोन्याचं पाणी.
तिचं वर्णन ऐकून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं.
कंपनीला विचारून आठ दिवसांनी कळवलं:
तुमची ही भट्टी चालू असेल तर सहा पावलं मागं.
रणजितनं फरशीवर पिवळी रेघ मारली.
पुतण्या माझा. माझी पावलं त्यानं
स्वतःच्या पावलांनी मोजली, म्हणून रेघ जरा लांबच पडली.

मुशीत डोकावता येत नाही इथून.
मी त्याच्या हनुवटीकडं बघतो.
आधी तांबूस, मग पिवळी,
मग एक क्षण हिरवट झाक.
'उतर आता.'
तो मागं न बघता उतरवतो.

दिवाळीला गावी आलो.
शालन विचारते, आत वाजतं का काही?
नाही वाजत.
फक्त जिना चढताना डोळ्यांपुढं अंधार यायचा,
तो यायचा राहिलाय.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, मीच विचारली.
भट्टीवरच्या माणसानं विचारायलाच हवी:
आगीत गेल्यावर हे काय करतं?
डॉक्टर थोडे थांबले.
फुटतं, म्हणाले. आधी काढून घ्यावं लागतं.

काल ती ओळ माझ्या हातानं लिहिली
कॅलेंडरवर, सगळ्यांत खाली:
'सरणावर ठेवायच्या आधी काढून घ्या.
मोडीत घालू नका, भाव येणार नाही.'

शालननं वाचलं. आत गेली.
मिक्सर लागला, बराच वेळ,
खोबरं वाटायला लागतो त्याच्या कितीतरी जास्त.
मिक्सरला हातभर अंतर पुरतं, कागदात तसं लिहिलंय.
मी तरी ओसरीवरच थांबलो.