दोन तास

ग्युमरी. दवाखाना क्रमांक दोन.
सकाळचे पावणेआठ, काचेवर बर्फाची साय.

वारसेनिक उपाशीपोटी आलीय,
मफलर थेट नाकापर्यंत.
मी दंडाला रबर बांधते, ती मान फिरवते,
मफलर सरकतो,
हनुवटीखाली कालच्या वस्तऱ्याची लाली.
मी पाहिलंच नाही असं दाखवते.
मला ते जमतं. वीस वर्षं
स्वतःच्या आरशासमोर सराव केलाय.

पहिली नळी. मग ग्लुकोजचा पेला,
पंच्याहत्तर ग्रॅम, कोमट, जीभ चिकटेल इतका गोड.
आता दोन तास इथेच, मी सांगते.
हिंडायचं नाही, खायचं नाही.
ती हसते. पहाटे चारपासून
तोनिरच्या तोंडाशी वाकून भिंतीला लवाश थापणारी बाई,
बसून राहायला आज
पदरचे पैसे मोजलेत तिनं.

मग विचारते :
सात महिने पाळी नाही माझी,
सासू पाळण्याचं विचारते,
आणि तुम्ही साखर काय मोजता?

कसं सांगू?
भूकंपानंतर आम्ही लोखंडी डब्यात राहायचो.
दार वाकलेलं, आम्ही पोरं गाढ झोपलेली.
बाबा रात्रपाळीहून यायचे, ठोकायचे.
आधी बोटांनी. मग मुठीनं. मग बुटानं.
आम्हाला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही.
आणि शेजारच्या डब्यात
सतेनिकमावशी ताडकन उठायची,
दिवा लावायची, चहाचं पाणी ठेवायची,
केस नीट करून दाराशी उभी.
तिचा मुलगा शाळेच्या ढिगाऱ्याखाली गेला होता.

लेकी बोले सुने लागे, तसं हे.
इन्सुलिन दार ठोकतं स्नायूचं,
स्नायू ढिम्म,
म्हणून आणखी इन्सुलिन, आणखी,
आणि हाक ऐकतं शेजारचं अंडाशय.
भाबडं. रात्रंदिवस कामाला लागतं,
नको तितका पुरुषी रस करून ठेवतं.
यकृत त्याला बांधून ठेवणारे दोर आखडतं,
तो मोकाट सुटतो : हनुवटीवर केस, उशीवर केस.
आणि अंडी?
ती अर्ध्या वाटेवर थबकतात,
मोत्यांच्या सरीसारखी दिसतात पडद्यावर.
मोती नाहीत ते, वारसेनिक.
थांबून राहिलेल्या मुली आहेत.

ती बराच वेळ बोलत नाही.
रेडिएटर मध्येच खोकतो.

दुसरी नळी.
साखर शहाण्यासारखी : पाच पूर्णांक चार.
इन्सुलिन एकशे एकेचाळीस.
एवढं ठोकल्यावर कुठे ती शहाणी झाली.

कोट चढवताना ती विचारते,
दाराचं काय झालं पुढे?

उन्हाळ्यात बाबांनी बिजागऱ्या काढल्या,
घासल्या, तेल घातलं,
रोज थोडं थोडं, महिनाभर.
सरळ नाही झालं.
पण बोटानं ठोकलं तरी ऐकू यायला लागलं.

आणि मावशी?

मावशी त्यानंतरही कितीतरी रात्री
दिवा लावत राहिली.