सात स्क्रू

गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यापाशी,
शेणावर पाय सटकला
नि सगळा भार तळहातावर.
पेला मात्र फुटला नाही.

सीपीआरमध्ये आधी प्लास्टर घातलं.
आठ दिवसांत हाड पुन्हा सरकलं.
नेजदार डॉक्टर म्हणाले, "शिकलगार,
हे असं थांबायचं नाही. प्लेट लागंल."

दंडापासनं खाली बधिर, मी जागा.
पडद्याआड ड्रिल फिरलं.
आवाजावरनं कळलं, बिट बोथट नाही.
बरं वाटलं.

आता फिल्म खिडकीला धरून बघतोय:
मनगटाच्या जरा वर पांढरी पट्टी, सात स्क्रू.
तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर आटे पाडले,
दुसऱ्याचं काम दिसलं की आधी खोट शोधतो.
चौथा तिरका बसलाय.

विचारलं तर हसले.
"मुद्दाम तिरका. तिथं तुकडा होता, चवलीएवढा.
सरळ गेलो असतो, तर त्याला धरलं कुणी असतं?"

गप्प बसलो.

फरीदा एकेक बोट वळवून घेते,
मूठ अजून अर्धीच.
थंडीत माझ्याआधी प्लेट गार पडते,
मग कळतं, पहाट झाली,
म्हशी निघाल्या असतील.