शीळ

निवडुंगाच्या पोटात त्यांनी कान लपवला होता.
काळा, तारेला लटकलेला, सुक्या नारळाएवढा.
लिंडक्विस्ट साहेब ओरडायचे, कुणी खोकू नका,
आणि सगळं वाळवंट खोकला दाबून उभं राहायचं.

मी दरोडेखोराची जाकिटं शिवत होते.
चांदीची बटणं. म्हणजे पत्र्याचीच,
पण पडद्यावर चांदीची दिसतात म्हणे.

दरोडेखोर ओहायोचा. क्लाइड हॅवरस्टॉक.
रोज सकाळी तासभर
त्याच्या गालांना आमचा रंग फासायचे,
मग तो आरशात बघून आमचं मोडकं इंग्रजी बोलायचा.
माझं इंग्रजी त्याच्याहून सरळ होतं.
माणूस वाईट नव्हता.
माझ्या बोटात सुई गेली तर
गळ्यातला रुमाल फाडून द्यायचा, अगदी गोष्टीतल्यासारखा.
(रुमाल कंपनीचा.)
गोष्टीत तो टपालगाडी लुटतो
आणि आतल्या म्हातारीची जपमाळ
कमरेत वाकून परत करतो.

शीळ मात्र त्याला येईना.
कड्यावर उभं राहून घोडीला बोलवायचं होतं.
ओठांचा चंबू करायचा, फुंकायचा,
नुसती हवा,
चुलीतल्या ओल्या लाकडासारखी.
अकरा वेळा.
घोडी शेपटीने माश्या वारत राहिली.

घोडी आमची. सेनिसा. सेनिसा म्हणजे राख.
तिचे दिवसाला दोन डॉलर.
माझ्या बापाचा दीड.

बाप पाण्याच्या पिंपाआड सावलीला बसला होता,
रेफूहियो बुस्तामान्ते,
ज्याच्या आजाची जमीन त्या कड्यापर्यंत होती,
मग एक कागद आला आणि नव्हती.
त्याने तोंडातली तंबाखू थुंकली,
दोन बोटं जिभेखाली घातली.

ती शीळ मी जन्मापासून ऐकत आले.
जेवायला या, ही तीच. कुंपण तुटलंय, हीही तीच.
आई गेली त्या दिवशी शेतावरून आम्हाला बोलावलं, तेव्हाही.
सेनिसाने दोर तोडला,
ओहायोच्या अंगावरून धूळ उडवत
थेट पिंपामागे आली आणि बापाच्या टोपीत नाक खुपसलं.

लिंडक्विस्ट साहेबांनी कानावरची यंत्रं काढली.
मिळाली, म्हणाले.
बापाला एक सिगार मिळाला.
त्याने तो अर्धा ओढला,
अर्धा विझवून टोपीच्या पट्टीत खोचला.

फेब्रुवारीत बाप गेला. तांब्याच्या खाणीची जुनी धूळ.
शेवटी शेवटी त्याच्या श्वासालाच शीळ वाजायची,
पण ती कुणाला बोलावणारी नव्हती.

मे महिन्यात बोलपट आमच्या गावात आला.
आमच्या लोकांनी वर बसायचं, माडीवर, वेगळ्या जिन्याने.
मी निकानोरला घेऊन गेले. त्याला सहावं वर्ष.
सातव्या रिळात तो कड्यावर उभा राहिला,
पत्र्याची बटणं खरंच चांदीची झाली होती.
ओठांचा चंबू केला,
आणि त्या चंबूतून
दोन बोटांची शीळ आली.

कुणाच्या लक्षात आलं नाही.
खालच्या पोरींनी उसासे टाकले.
निकानोर उठून उभा राहिला, म्हणाला,
जेवायला बोलावतायत.

बाहेर आलो तर गाडीला नुसता दोराचा तुकडा.
मी बाजारपेठ पालथी घातली, ओढा बघितला.
सेनिसा थिएटरच्या मागच्या बोळात सापडली,
जिथे भिंतीपलीकडे पडद्यामागचा कर्णा आहे तिथे,
कपाळ विटांना टेकवून.
ओढलं तर येईना.

दुसऱ्या दिवशी पंचवीस सेंट घेऊन निघाले होते.
तिकिटाच्या खिडकीपाशी गेलेच नाही.
बोळात तिच्या शेजारी उभी राहिले,
भिंतीतून गोळीबार, हशा, म्हातारीचं रडणं,
सगळं रजईखालून यावं तसं,
आणि रिळं मोजत होते. चौथं.
पाचवं.
तिचे कान आधीच ताठ.