खुळखुळा

केपें बाजारात, मासळीच्या मागच्या गल्लीत
माझं औषधांचं दुकान.
अकराची बस लागली की युफेमियाबाई उतरतात,
हातात कापडी पिशवी, पिशवीत सहा बाटल्या,
सगळ्या स्विंडनच्या.
धाकटी लोर्ना तिथे गोदामात रात्रपाळी करते,
आणि गावचं कुणी रजेवर निघालं
की त्याच्या बॅगेत, चॉकलेटांच्या खाली,
आईची हाडं भरून पाठवते.

"हें कित्याक, पुता?"
हे हाडांना, म्हणतो. हे डोळ्यांना. हे माशाचं तेल.
"माशाचं?"
बाई हसतात, दात नसलेल्या बाजूनं.
"तिथून इथे? आमचे बांगडे संपले काय?"

मी लेबलं वाचतो, मुदत बघतो.
एक बाटली मार्चमध्येच मेलेली.
मी ती बाजूला काढली
तर त्यांनी उचलून परत पिशवीत टाकली.
"असू दे. तिनं पैसे मोजलेत."

तशा बाई धट्ट्याकट्ट्या. सकाळी नाचणीचं तिझन,
दुपारी उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला खारा बांगडा.
फक्त सांजांवच्या आठवड्यात जरा घोटाळा झाला:
कुणीतरी सांगितलं म्हणून किरायत्याचा काढा
पेलाभर, दोन्ही वेळा,
आणि साखरेची माझी गोळी चालूच.
शेजारणीला बाल्कांवावर सापडल्या, घामानं निथळत,
तिनं तोंडात गूळ कोंबला म्हणून निभावलं.
तेव्हापासून मी ओरडतो,
झाडाचं असलं तरी औषधच ते, बाई,
कडू आहे म्हणून काही घरचं होत नाही!
त्या मान हलवतात.
मान हलवणं त्यांना कधीच बाधलेलं नाही.

आणि ओरडणारा मी कोण?
गेल्या महिन्यात माझाच रिपोर्ट आला:
ड जीवनसत्त्व नऊ.
गोव्यात, नऊ.
किनाऱ्यावर परदेशी माणसं उताणी पडून
फुकटच्या फेणीसारखं ऊन पितात
आणि मी साडेआठला शटर वर, साडेआठला खाली,
मधे ट्यूबलाईट.
मीच मला आठवड्याची गोळी विकली,
बिल फाडलं,
सवलत दिली नाही.

बाईंना सांगितलं तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.
मग म्हणाल्या, अंगणात सोलं वाळत घातलीयत,
राखायला ये, कावळे फार झालेत.
येतो म्हटलं.
गेलो नाही.

परवा दुकानातच त्यांचा फोन वाजला,
तो जुना, बटणांचा.
तिकडे पाळी सुटली असणार.
"मम्मी, घेतलीस?"
बाईंनी पिशवीत हात घातला,
हाडांची बाटली काढली
आणि झाकण न उघडता
फोनपाशी हलवली.
खुळ्ळ, खुळ्ळ.
"घेता गो बाय. आयक."

सील शाबूत होतं, सहाही बाटल्यांचं.
हे मला नवं नव्हतं,
लेबल वाचणारा माणूस झाकणही बघतो.
नवं एवढंच, की पलीकडचा
दमलेला, चिरका आवाज
हळूहळू उतरला, जांभई दिली,
आणि झोपायला गेला.

बाईंनी फोन पदरात गुंडाळल्यासारखा मुठीत धरला.
फ्रॉक घालणारी बाई, पदर कुठला,
पण हात तसाच वळला.
माझ्याकडे बघितलं नाही.
माशाच्या तेलाची बाटली काउंटरवर ठेवली:
"हें तूं घे. तुझ्या नवाला."
बाई, माझं दुखणं वेगळं, याचा काम वेगळं.
"असेल. पण लांबून आलंय."

बिलात काय लिहावं कळेना.
रात्री शटर ओढायच्या आधी
ट्यूबलाईट बंद करून
ती मी कानाशी नेली, एकदा हलवली.
तेलाच्या गोळ्या जड असतात.
आवाज जरा बसका येतो.