कांदे नव्हेत

पाकिटावर लिहिलंय : पहिलं हिम पडायच्या आत लावा.
हिम?
सोहारला ऑक्टोबरातही
नळाचं पाणी चटका देतं.

म्हणून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात
ट्युलिपचे बारा कंद, कागदी पिशवीत,
वर माझ्या अक्षरात : कांदे नव्हेत.
तरी मुश्ताक परकारनं एक चिरलाच
सुरमईच्या कालवणासाठी.
डोळ्यांत पाणी येईना, तेव्हा कुठं थांबला.

उरले अकरा.
खोलीतल्या सगळ्यांची सफरचंदं बाहेर काढली,
बोलणी खाल्ली.
पिकत्या फळाच्या श्वासानं म्हणे
कंदातलं फूल आतल्या आत जळतं.
दहा आठवडे मोजले. वीज गेली त्या रात्री
बर्फाच्या पिशव्या घेऊन बसलो,
तापल्या पोराच्या उशाशी बसावं तसा.

लेक फोनवर विचारते,
त्यांना कळत नाही का बाबा,
हा हिवाळा खोटा आहे ते?
कळत असेल, म्हटलं.

डिसेंबर सरताना लावले,
गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांत,
पाण्याच्या टाकीच्या सावलीला.
सात उगवले. वीतभरही नाहीत.
एकाला कळी.

परकार कामावर निघताना
स्वतःची टोपी तिच्यावर धरून
उभा राहतो,
खाली बस हॉर्न देईपर्यंत.